धीराचे वृक्ष

महाराष्ट्रात होळी पेटते आणि उन्हाचा चटका जाणवू लागतो, त्या सुमारास पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात, चिली देशाच्या अँडीज पर्वतात, शरद ऋतूची चाहूल लागलेली असते. पहाटेचा वारा बोचरा होतो, डोंगरमाथ्यावर ढग उतरू लागतात, आणि उंच उंच झाडांच्या शेंड्यांवरून बोटाच्या दोन पेरांएवढ्या लांबट, तपकिरी बिया टपटप खाली पडू लागतात. त्यांची वाट पाहत थांबलेली माणसे मग डोंगराकडे निघतात. कुणाच्या पाठीवर पोते असते, कुणाच्या हातात टोपली. म्हातारी आजी वाकून एकेक बी वेचते आणि तिच्या शेजारी उभे असलेले नातवंड तिचे पाहून तसेच करते. पोते हळूहळू भरत जाते, आणि त्याबरोबर त्या घरच्या हिवाळ्याची बेगमीही होत जाते.

या झाडाचे नाव पेहुएन. तेथील मापुचे लोकांच्या भाषेत ‘चे’ म्हणजे माणसे. म्हणून अँडीजच्या या भागात राहणाऱ्या मापुचे लोकांना ‘पेहुएन्चे’, म्हणजे पेहुएनची माणसे, असे नाव पडले. गावावरून, कुळावरून किंवा धंद्यावरून माणसांना पडलेली नावे जगात सर्वत्र आढळतात; परंतु एका अख्ख्या समाजाने झाडावरून आपली ओळख सांगावी, ही गोष्ट विरळाच म्हटली पाहिजे. त्या नावामागे किती पिढ्यांचे ऋण आहे, हे कळण्यासाठी प्रथम त्या झाडाचीच नीट ओळख करून घ्यावयास हवी.

पेहुएन हा सूचिपर्णी वृक्षांपैकी एक. सूचिपर्णी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिमालयातील देवदार आणि चीड उभे राहतात. या वृक्षांना खरी फुले येत नाहीत, आणि फळातही त्यांची बीजे झाकलेली नसतात. बहुतेकांची बीजे शंकूच्या खवल्यांवर उघडीच वाढतात. मात्र देवदार पाहिलेल्या माणसाला पेहुएन दाखवला, तर हा त्याचा भाऊबंद असेल असे त्यास चटकन वाटणार नाही. तरुणपणी पेहुएन पायथ्यापासून फांद्या पसरून उभा असतो. वय वाढते तशा खालच्या फांद्या गळून पडतात, आणि अखेर चाळीसपन्नास मीटर उंचीच्या सरळ खांबावर कोणी छत्री उघडून ठेवावी, तसा तो दिसू लागतो. त्याची पाने नावाला सूचिपर्णी असली तरी सुईसारखी बारीक नसतात. ती त्रिकोणी, जाड, चिवट आणि टोकाशी काट्यासारखी अणकुचीदार असतात. मंगलोरी कौलांसारखी ती एकमेकांवर बसून सारी फांदी झाकून टाकतात. एकेक पान दहापंधरा वर्षे फांदीवर टिकते. खोडाची साल कासवाच्या पाठीसारखी तुकड्यातुकड्यांची आणि चांगली जाड असते.

या झाडाची कीर्ती युरोपात पोहोचली, त्याची एक गमतीदार कथा सांगतात. इ. स. १७९५ मध्ये आर्चिबाल्ड मेन्झीज नावाचे निसर्गशास्त्रज्ञ एका इंग्रजी जहाजावरून चिलीस गेले होते. तेथे एका मेजवानीत जेवणानंतर पेहुएनच्या बिया पानात वाढण्यात आल्या. पाहुण्यांनी त्या चवीने खाल्ल्या. मेन्झीज यांनी मात्र त्यांतील काही हळूच खिशात घातल्या. परतीच्या प्रवासात जहाजावरच त्यांनी त्या रुजवल्या आणि पाच रोपे जिवंत इंग्लंडला नेली. पुढे एका इंग्रज गृहस्थाने बागेतले हे काटेरी झाड पाहून, ‘यावर चढावे कसे, हे माकडालाही कोडे पडेल,’ असे उद्गार काढले म्हणे, आणि इंग्रजीत त्याला ‘माकडाचे कोडे’ हेच नाव चिकटले. खरे पाहता, पेहुएनच्या अरण्यात माकडे मुळीच नाहीत. हजारो वर्षे ज्या झाडाला त्याच्या माणसांनी आदराने हाक मारली, त्याला परक्या देशात असे थट्टेचे नाव मिळावे, हा दैवाचा खेळच म्हणायचा.

पेहुएनचा संसार सावकाशीचा असतो. नर आणि मादी ही सामान्यतः वेगवेगळी झाडे असतात. नर झाडाच्या लांबट शंकूंतून उडालेले पराग वारा मादी झाडापर्यंत पोहोचवतो. त्यानंतर मादी झाडावरील गोल शंकू पिकावयास सुमारे दीड वर्ष लागते. तो वाढून नारळाएवढा होतो, त्याच्या पोटात शंभरदीडशे किंवा त्याहूनही अधिक बिया भरतात, आणि पूर्ण पिकला की झाडावरच फुटून तो बिया खाली सांडतो. रोपाला स्वतः बी धरू लागण्यास तीसचाळीस वर्षे जावी लागतात. आज रुजलेल्या रोपाची पहिली बी चाखण्याचे भाग्य लावणाराच्या वाट्याला कधी येते, कधी येतही नाही. त्याच्या मुलानातवंडांना मात्र ते खात्रीने लाभते. एकदा मूळ धरले की पेहुएन शतकामागून शतके उभा राहतो. हजार वर्षांहून अधिक वय झालेले पेहुएन आजही अँडीजमध्ये आहेत.

बी एवढी जड की वारा तिला उडवून नेऊ शकत नाही. ती आईच्या पायाशीच पडते. मग तिचा प्रवास इतरांच्या पायांनी आणि पंखांनी होतो. पोपटांचे थवे कलकलाट करीत झाडांवर उतरतात, शंकू फोडतात आणि खाताना काही बिया दूरवर टाकून जातात. उंदरांसारखे छोटे प्राणी बिया पळवून बिळांत आणि पालापाचोळ्यात दडवतात. त्यांतील बहुतेक त्यांच्या पोटात जातात. एखादी विसरली जाते, आणि तीच पुढे वृक्ष होते. सारी झाडे दरवर्षी सारखी बहरत नाहीत. काही वर्षे बिया मोजक्याच पडतात, आणि मग एखाद्या वर्षी साऱ्या अरण्यातील झाडे जणू संगनमत करून बियांचा पाऊस पाडतात. त्या वर्षी खाणाऱ्या तोंडांना सगळ्या बिया संपवता येत नाहीत, आणि काही रुजावयास शिल्लक राहतात.

या सर्व खाणाऱ्यांच्या पंक्तीत पेहुएन्चे माणूसही बसलेला आहे. पिष्टमय पदार्थाने भरलेली ही बी उकडून खातात, भाजून खातात, वाळवून तिचे पीठ करतात, त्या पिठाची भाकरी भाजतात, आणि आंबवून पेयही करतात. पूर्वी जमिनीत खड्डे करून बिया पुरून ठेवण्याची रीत होती. बर्फाने वाटा बंद झाल्या म्हणजे त्या पेवांतून रोजचे अन्न निघे. ज्या उंचीवर शेती फारशी पिकत नाही, तेथे पेहुएन हेच शेत आणि पेहुएन हेच कोठार. म्हणूनच त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेत या वृक्षाला मानाचे स्थान असते.

अँडीजचा हा भाग ज्वालामुखींचा. पेहुएनची पुष्कळशी अरण्ये जुन्या राखेच्या आणि लाव्ह्याच्या जमिनीवरच वाढली आहेत. डोंगर आग ओकतो, विजा पडून वणवे लागतात. पण जाड साल झाडाचा गाभा जळू देत नाही, आणि शेंड्याची छत्री ज्वाळांच्या पुष्कळ वर असते. भाजून निघालेले झाड पुन्हा अंकुर फोडते. कधी मुळांतूनही नवे कोंब येतात. हे सोसण्याचे सामर्थ्य त्याला एकाएकी मिळालेले नाही. त्याचा वंश फार फार प्राचीन आहे.

तो वंश किती प्राचीन, हे अर्जेंटिनाच्या दक्षिणेकडील ओसाड पठारावर पाहावयास मिळते. तेथे अरौकॅरिया कुलातील वृक्षांचे अरण्यच्या अरण्य दगड होऊन पडले आहे. पेहुएन याच कुलातला. सुमारे सोळा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेखाली ते गाडले गेले. आज तेथे तीन मीटर रुंदीची खोडे आणि आतील बीसुद्धा ओळखू यावी असे दगडी शंकू सापडतात. त्या काळी दक्षिण अमेरिका, आफ्रिका, भारत, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका ही भूमी एकत्र होती. शास्त्रज्ञांनी त्या महाखंडाला जे नाव दिले ते आपल्या घरचे आहे. गोंड लोकांच्या मुलखावरून, म्हणजे आपल्या विदर्भाला लागून असलेल्या आणि काही अंशी विदर्भातच मोडणाऱ्या गोंडवनावरून, त्याला गोंडवन असे म्हणतात. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचा तालुक्यातील वडधम येथे डायनोसॉरच्या हाडांबरोबर दगड झालेली झाडांची खोडे मिळाली आहेत. भारतातील प्राचीन सूचिपर्णींचे अवशेष तपासून थोर वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल सहानी यांनी १९२८ आणि १९३१ मध्ये त्यांवर विस्तृत ग्रंथलेखन केले; त्या अवशेषांत अरौकॅरियाशी नाते सांगणारे नमुनेही होते. पुढे महाखंड दुभंगला, भूमी दूर सरकल्या आणि भारतातून हे कुल नाहीसे झाले. आज पुण्यामुंबईच्या बागांत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून ज्या सरळसोट झाडाची हौसेने लागवड करतात, ते याच कुलातले. मात्र ते ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडील बेटांवरून आणलेले आहे.

दक्षिण अमेरिकेत चिडाची एकही जात मूळची नाही. तेथील सारे सूचिपर्णी तीनच कुलांत सामावतात. पहिले पेहुएनचे, दुसरे सुरूचे, आणि तिसरे पोडोकार्पस नावाचे. या तिसऱ्या कुलातील वृक्ष पेरू आणि इक्वाडोर या देशांच्या धुक्याने भिजलेल्या डोंगरांत वाढतात. त्यांना नेहमीसारखे शंकू नसतात. पोडोकार्पसची बी एका गरदार देठावर बसलेली असते, आणि त्या गराच्या लोभाने आलेले पक्षी ती दूर नेतात. या कुलाची एक शाखा आपल्याकडेही आहे. केरळ आणि तमिळनाडूमधील सह्याद्रीच्या दाट अरण्यात वाढणारा नागेया हा वृक्ष याच कुलातला असून, भारतीय द्वीपकल्पातील तो एकमेव मूळचा सूचिपर्णी आहे.

सुरूच्या कुलात मात्र दक्षिण अमेरिकेने एक असा वृक्ष दिला आहे, की ज्याच्यापुढे पेहुएनही तरुण वाटावा. चिलीच्या दक्षिणेस आणि त्याला लागून असलेल्या अर्जेंटिनाच्या भागात पाऊस अतोनात पडतो. जमीन पाणथळ आणि निःसत्त्व, हवा थंड. अशा ठिकाणी आलेर्से नावाचा वृक्ष वाढतो. मापुचे त्याला लावान म्हणतात. वनस्पतिशास्त्रातील त्याचे नाव फिट्झरोया. चार्ल्स डार्विन ज्या ‘बीगल’ जहाजातून जगप्रवासास गेले, त्याचे कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय यांच्यावरून ते ठेवण्यात आले. आलेर्सेची पाने बारीक खवल्यांसारखी आणि शंकू वाटाण्याएवढे. पण त्याचे खोड पन्नास मीटरपर्यंत उंच जाते आणि चार मीटरहूनही रुंद होते. एवढे मोठे होण्याची त्याला मुळीच घाई नसते. वर्षाकाठी खोडात एक वलय वाढते, आणि ते वलय पुष्कळदा एक मिलिमीटरही भरत नाही.

झाडाचे वय मोजण्याचे साधन म्हणजे हीच वलये. उन्हाळा कसा गेला, पाऊस किती झाला, याची नोंद वलयाच्या रुंदीत उमटते. अंतोनियो लारा आणि रिकार्दो व्हियाल्बा या शास्त्रज्ञांनी आलेर्सेच्या वलयांचा अभ्यास करून १९९३ मध्ये दक्षिण अमेरिकेतील तीन हजार सहाशे वर्षांच्या उन्हाळ्यांचा इतिहास मांडला. त्यांना एका झाडात ३,६२२ वलये आढळली. या संख्येचा अर्थ मनात भरण्यासाठी थोडा विचार करून पाहावा. ते झाड ख्रिस्तपूर्व सतराव्या शतकात रुजले. गौतम बुद्धांनी धर्मोपदेश केला तेव्हा त्याचे वय हजार वर्षांहून अधिक होते. वेरूळचे कैलास लेणे कोरले जात होते तेव्हा त्याने दोन हजार वर्षांचा टप्पा केव्हाच ओलांडला होता. आळंदीच्या ज्ञानदेवांनी समाधी घेतली तेव्हा ते तिसरे सहस्रक पुरे करण्याच्या बेतात होते. राज्ये आली आणि गेली. पण त्या ओलसर अरण्यात एक वृक्ष दरसाल एक बारीक रेघ ओढत उभा होता.

याहूनही वृद्ध असा एक आलेर्से चिलीच्या किनाऱ्याजवळील राष्ट्रीय उद्यानात आजही जिवंत आहे. लोक त्याला ‘थोरले आजोबा’ या अर्थाच्या स्पॅनिश नावाने ओळखतात. जोनाथन बारिचिविच या चिलियन शास्त्रज्ञाने या वृक्षाचे वय २०२२ मध्ये सुमारे ५,४८४ वर्षे असावे, असा अंदाज मांडला. वलये मोजण्याची सुई झाडाच्या मध्यापर्यंत पोहोचू शकली नाही, म्हणून उरलेल्या वयाचा हिशेब गणिताने करावा लागला; सर्व वलये मोजल्याखेरीज हा आकडा पक्का मानता येणार नाही, असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. आकडा काहीही ठरो, या संशोधनामागील एक धागा मात्र मनाला स्पर्श करणारा आहे. बारिचिविच यांचे आजोबा याच अरण्यात वनरक्षक होते. त्यांचे बोट धरून जो नातू लहानपणी या झाडापाशी गेला, तोच पुढे त्याच्या वयाचा शोध घेण्यास परतला.

परंतु जे गुण झाडाला दीर्घायुष्य देतात, तेच कधी कधी त्याच्या मुळावर उठतात. आलेर्सेचे लाकूड तांबूस, हलके आणि सरळ फाटणारे असते. ते पाण्यात कुजत नाही आणि त्याला कीडही सहसा लागत नाही. अरण्यात शंभर वर्षांपूर्वी तोडलेल्या झाडांचे बुंधे अजून शाबूत दिसतात. अशा लाकडाला गिऱ्हाईक न मिळते तरच नवल! स्पॅनिश अमलात चिलोए बेटावर आलेर्सेच्या फळ्या इतक्या मोलाच्या होत्या, की नाण्यांच्या तुटवड्यात देवघेवीत त्याच चलन म्हणून वापरल्या जात. घरांच्या छपरांना आणि भिंतींना त्यांची लाकडी कौले बसवीत. चिलोएची लाकडी प्रार्थनामंदिरे आज जागतिक वारसा म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांच्या बांधणीतही हे लाकूड आहे. घर बांधणाऱ्या गरीब माणसाला दोष कोण देईल? त्याला ऊब हवी होती, आणि अरण्य अफाट होते. पण एकोणिसाव्या शतकात वसाहतीसाठी अरण्येच्या अरण्ये जाळून मोकळी करण्यात आली, आणि पुढे लाकडाचा व्यापार वाढत गेला. तीन हजार वर्षे वाढलेले झाड पाडावयास कुऱ्हाडीला काही दिवस पुरत. त्या दोन आकड्यांमधील तफावत भरून काढण्याचे साधन मनुष्याजवळ नाही.

ब्राझीलमध्ये हेच दुःख आणखी मोठ्या प्रमाणावर घडले. तेथील दक्षिणेच्या पठारावर पेहुएनचा सख्खा भाऊ शोभावा असा एक अरौकॅरिया वाढतो. त्याच्या फांद्या समईच्या तबकासारख्या वर वळलेल्या असतात. कुरितिबा या मोठ्या शहराच्या नावाचा अर्थच ‘या झाडांची दाटी असलेली जागा’ असा लावतात. ब्राझीलमध्येही या झाडाच्या बिया थंडीच्या दिवसांत घरोघरी उकडल्या जातात. तेथला निळा कावळ्याच्या जातीचा एक पक्षी या बिया जमिनीत पुरून ठेवतो आणि काही विसरतो. लोक कौतुकाने त्याला अरण्य लावणारा म्हणतात. परंतु अरण्य लावणारा तो एकटाच नव्हता. मातीचा आणि जुन्या वस्त्यांचा अभ्यास करून २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी असे दाखवून दिले, की सुमारे हजार वर्षांपूर्वी तेथील मूळ रहिवाशांनीच ही अरण्ये उघड्या माळांवर दूरवर पसरवली होती. हजार वर्षांत पक्ष्याने आणि माणसाने मिळून जे वाढवले, ते विसाव्या शतकातील आगगाडी आणि करवतीच्या गिरण्या यांनी काही दशकांत संपवीत आणले. गिरण्यांसाठी आणि लोहमार्गासाठी जमिनीवरून हुसकलेले शेतकरी १९१२ ते १९१६ या काळातील एका रक्तरंजित संघर्षात ओढले गेले. आज मूळ अरण्याचे अवघे काही टक्के शिल्लक आहेत, आणि हा वृक्ष समूळ नष्ट होण्याच्या मार्गावर असलेल्यांत गणला जातो.

चिलीमध्ये मात्र कुऱ्हाडीला अडवण्याचा प्रयत्न झाला. १९७६ मध्ये पेहुएन आणि आलेर्से या दोघांनाही शासनाने नैसर्गिक स्मारक म्हणून जाहीर केले आणि त्यांच्या तोडीवर बंदी घातली. पेहुएनच्या बाबतीत ही बंदी १९८७ मध्ये सैल करण्यात आली. तेव्हा क्विंक्वेन नावाच्या खोऱ्यातील पेहुएन्चे कुटुंबांपुढे मोठे संकट उभे राहिले. पिढ्यान्‌पिढ्या ज्या झाडांखाली त्यांनी बिया वेचल्या, त्या जमिनीची कागदोपत्री मालकी लाकडाचा व्यापार करणाऱ्यांकडे होती. झाडे जाणार, आणि झाडांबरोबर माणसेही त्या खोऱ्यातून जाणार, असा प्रसंग आला. पेहुएन नाही तर पेहुएन्चे कोठून राहणार? त्या थोड्या कुटुंबांनी खोरे सोडण्यास नकार दिला आणि आपले गाऱ्हाणे साऱ्या देशापुढे मांडले. ठिकठिकाणचे लोक त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९९० मध्ये पेहुएनला पुन्हा स्मारकाचा दर्जा मिळाला, तोड थांबली. पुढे शासनाने ती जमीन विकत घेतली आणि कालांतराने ती त्या कुटुंबांच्या नावे झाली. झाडाने माणसांना अन्न दिले होते. माणसांनी झाडाला अभय मिळवून दिले.

तेवढ्याने धोका टळला असे मात्र नाही. डोंगरांच्या पायथ्याशी कॅलिफोर्नियाहून आणलेल्या चिडाची मैलोगणती लागवड झाली आहे. ते झाड वीसपंचवीस वर्षांत तोडणीला येते. व्यापाराला तेच सोयीचे वाटते. जेथे पूर्वी नाना जातींचे मूळचे अरण्य होते, अशा पुष्कळ ठिकाणी आता एकाच झाडाच्या रांगा दिसतात, आणि त्या कोरड्या दिवसांत झपाट्याने पेट घेतात. २००२ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पेहुएनच्या संरक्षित अरण्यांत भीषण वणवे लागले. जुन्या झाडांच्या जाड सालीलाही सगळीकडे ती आग सोसली नाही. वणवे पूर्वीही लागत. पण दोन वणव्यांमध्ये अरण्याला सावरण्यास पुरेसा काळ मिळे. जो वृक्ष तीसचाळीस वर्षांनी प्रथम बी धरतो, त्याला वारंवारच्या आगीचा हिशेब कसा जमावा?

या वृक्षांची सारी कहाणी अशी काळाशी येऊन थांबते. त्यांना पाणी, माती आणि प्रकाश तर हवाच. पण सर्वांत अधिक हवा असतो तो अवधी. तो कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही, आणि एकदा गमावला तर कोणतेही शासन तो परत आणून देऊ शकत नाही. आलेर्सेचे रोप आज लावले आणि कोणी त्याला धक्का लावला नाही, तर ते ‘थोरल्या आजोबां’च्या वयाचे होईल तेव्हा आजच्या भाषा, आजची राज्ये, आजची नगरे यांतील काय शिल्लक असेल, कोणी सांगावे? तरीही चिलीत आणि अर्जेंटिनात माणसे आज ही रोपे लावीत आहेत. जुना आंबा ज्यांच्या दारात आहे, त्यांना यात नवल वाटू नये. तो आंबा लावणाऱ्या पणजोबांनीही आपल्या हयातीचा हिशेब केला नव्हता.

अँडीजच्या उतारावर सूर्य कलू लागतो. पोती भरलेली असतात. पाठीवर घेऊन माणसे खाली उतरण्याच्या तयारीत असतात. झाडाखाली अजून बऱ्याच बिया विखुरलेल्या आहेत. त्या पोपटांच्या, त्या उंदरांच्या, आणि त्यांतून उरतील त्या अरण्याच्या. नातवंडाच्या मुठीत एक शेवटची बी आहे. आजी त्याच्याकडे पाहते. ते पोर वाकते, ओल्या मातीत बोटाने लहानसे भोक पाडते, बी त्यात ठेवते आणि वरून माती सारखी करते. मग आजीचा हात धरून ते उतार उतरू लागते. जमिनीखाली त्या बीचे काम सुरू होते. आणि तिला मुळीच घाई नसते.